चंद्रावरच्या घराला दार

प्रकाश-लेखणी भिंतीवरच्या पडद्यावर टेकवली की काहीच होत नव्हतं. शाल्मलीनं ती वर टेकवली, खाली टेकवली, जरा दाबून पाहिली, शेवटी टोकावर फुंकरही मारून पाहिली. पडद्यावर चंद्रावरचं ते घर जसंच्या तसं उभं होतं. लाल छप्पर, दोन खिडक्या, मागे निळं आभाळ आणि शेजारी चंद्रावर जन्मात उगवणार नाही असं एक झाड. घराला दार मात्र नव्हतं.

हे चित्र मंदाआत्यानं स्वतः सात वर्षांची असताना काढलं होतं. शाल्मलीचे आजोबा, म्हणजे आबा, तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि लेकीसाठी त्यांनी चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो बोटाला दाद द्यायचा नाही की माउसला. त्याला लागायची फक्त प्रकाश-लेखणी (टोकाशी उजेड ओळखणारा डोळा असलेली, वायर जोडलेली पेन्सिल). त्या दिवशी दार काढायच्या आधीच जेवायची हाक आली, दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली, आणि दार राहिलं ते राहिलंच.

तीच मंदाआत्या उद्या सकाळी पन्हाळ्यावरून निघणार होती, ती थेट चंद्रावरच्या तळावर. तिथल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला, तब्बल तीन वर्षांसाठी. हे कळल्यापासून आबा तिच्याशी धड बोलत नव्हते. काही विचारलं तर ‘हूं’, आणि नाही विचारलं तर तेही नाही. आत्या हसून सोडून द्यायची, पण काल परसात ती एकटीच डोळे पुसत उभी असलेली शाल्मलीनं पाहिली होती. अबोला तसाच ठेवून आत्या निघून जावी, हे शाल्मलीला नको होतं. म्हणून तिनं ठरवलं होतं, की सामान आणायला कोल्हापूरला गेलेली आत्या परत यायच्या आत लेखणी या चित्रावर चालती करायची. दोघं एकदा त्याच्यापुढे बसली की बोलतीलच.

बाहेर दाट धुकं उतरलं होतं. खिडकीतून गड दिसत नव्हता, समोरचा रस्ता दिसत नव्हता, जणू घरच ढगात तरंगत होतं. आबा बराच वेळ दारातून नातीची खटपट बघत होते. लेखणीवर पुन्हा फुंकर पडली तेव्हा त्यांना राहवलं नाही. हा पडदा लेखणीच्या उपयोगाचा नाही, एवढंच पुटपुटून ते वळले. पण अर्धवट उत्तर देऊन शाल्मलीच्या तावडीतून सुटणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

का नाही उपयोगाचा, असं तिनं विचारलं आणि आबांना बसावंच लागलं.

नव्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सतत पेटलेला असतो, आबा सांगू लागले. जुन्या काचेच्या मॉनिटरचं तसं नव्हतं. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली मोठी नळी असायची. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत (विजेच्या अतिसूक्ष्म कणांची धार) सुटायचा आणि काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या स्फुरकावर (झोत आदळला की क्षणभर उजळणाऱ्या भुकटीवर) पडायचा. झोत एका वेळी एकच ठिपका उजळायचा. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्याखालची, असं करत तो सगळा पडदा सेकंदात साठेक वेळा रंगवून काढायचा.

“म्हणजे अख्खं चित्र कधी नसायचंच?” शाल्मलीनं विचारलं.

“काचेवर नसायचंच. ते तुझ्या डोळ्यांत असायचं.” आबा पहिल्यांदाच जरा हसले. “अंधारात उदबत्ती गोल फिरवलीस की कडं दिसतंय न्हवं? ठिणगी तर एकच असते.”

एकच ठिणगी धावतेय आणि तिच्यातून घर, छप्पर, झाड उभं राहतंय, हे शाल्मलीला फारच आवडलं.

मग लेखणीला जागा कशी कळते? त्याला आबांनी एसटीचं उदाहरण दिलं. कोल्हापूरहून पन्हाळ्याला येणारी गाडी केर्लीला किती वाजता पोचते आणि वाघबिळाला किती वाजता, हे मला पाठ आहे समज. तू रस्त्यात कुठंतरी उभी आहेस. गाडी समोर आली की तू मला फोनवर फक्त ‘आली’ म्हणायचं. मी घड्याळ बघून सांगेन, तू कुठल्या थांब्यावर आहेस. संगणकाला झोताचं वेळापत्रक असंच पाठ असतं. झोत समोरून गेला की लेखणी ‘आला’ म्हणते, आणि त्या वेळेवरून संगणक जागा काढतो.

“आणि नव्या पडद्यावर गाड्या सगळ्या थांब्यांवर कायमच्याच उभ्या,” शाल्मली सावकाश म्हणाली. “मग ‘आली’ कधी म्हणायचं?”

आबा उठले, आणि माळ्याकडे बोट दाखवून त्यांनी ढब्बूला हाक मारली.

ढब्बू हा घरकाम करणारा यंत्रमानव. आकारानं त्याच नावाच्या मिरचीसारखा आणि स्वभावानं अतिउत्साही. त्यानं माळ्यावरून घोंगडीत गुंडाळलेला मॉनिटर खाली आणला. तो इतका जड होता की ढब्बूचेही गुडघे कुरकुरले. इतकी वर्षं आबांनी तो टाकला नव्हता, हे कोणाला माहीतही नव्हतं. मागचं झाकण उघडायचं नाही, अशी ताकीद मात्र त्यांनी दोघांना दिली. बंद असला तरी त्याच्या पोटात जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

आता खरी पंचाईत. मॉनिटरच्या वायरीला तीन रांगांत पिनांचा रुंद जबडा, आणि संगणकाला नखाएवढी चपटी फट. शिवाय भाषाही वेगळी. नवा संगणक नुसत्या आकड्यांत बोलतो. जुन्या मॉनिटरला लागते कमी-जास्त होणारी वीज, ठिपका जितका उजळ तितकी जास्त. त्यासाठी दोघांच्या मध्ये रूपांतरक (आकड्यांची चढती-उतरती वीज करून देणारी डबी) लागतो. तो आबांच्या खणात निघाला.

बटण दाबल्यावर काच गूढ निळसर झाली आणि आतून चिरका आवाज येऊ लागला. पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा धावत होत्या. आबांनी झटकन बटण बंद केलं. पाहुण्याला पहिल्या वाफेचा भात वाढावा तसं ढब्बूनं जुन्या मॉनिटरला सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वेगवान चित्र पाठवलं होतं. झोताला तेवढं पळणं झेपत नव्हतं. आबांनी ठिपके कमी करायला लावले, वेग साठावर आणायला लावला आणि पुन्हा बटण दाबलं. काचेमागून घर हळूहळू उमललं. भिंतीवरच्या पडद्यापेक्षा ते मऊ दिसत होतं, धुक्यातून दिसावं तसं.

शाल्मलीनं दोन खिडक्यांच्या मधोमध लेखणी टेकवली. ठिपका उमटला! पण बोटभर खाली. दुसरीकडे टेकवली, तिथंही बोटभर खाली. आबांनी प्रोग्रॅम तपासला, वायर हलवून पाहिली, आणि शेवटी हात टेकले. लेखणीच म्हातारी झाली असेल, म्हणाले, माझ्यासारखी. तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. आत्या आली होती.

शाल्मलीला रडू फुटायच्या बेतात होतं. तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात केर्लीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. धुकं आहे. गाडी येत नाहीये. गाडी वाघबिळाला पोचायची वेळ झाली तेव्हा कुठं ती केर्लीला दिसतेय, आणि शाल्मली फोनवर म्हणतेय, ‘आली’. आबा घड्याळ बघतील आणि म्हणतील, तू वाघबिळाला आहेस.

“आबा, गाडी लेट आहे!” ती ओरडली. “त्या डबीत भाषा बदलायला वेळ लागतोय. झोत उशिरा निघतो, म्हणून संगणकाला वाटतं आपण पुढच्या थांब्यावर आहोत.”

आबा पुन्हा प्रोग्रॅमकडे वळले. उशीर सगळीकडे सारखा होता, म्हणून चूकही सगळीकडे बोटभरच होती. तेवढा वेळ प्रत्येक वेळी वजा करायची एक ओळ त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातली. ढब्बूनं ती दोनदा तपासली. शाल्मलीनं लेखणी टेकवली, आणि ठिपका नेमका टोकाखाली उमटला.

मंदाआत्या पिशवी हातात धरून खोलीच्या दारात तशीच उभी होती. शाल्मलीनं लेखणी तिच्याकडे दिली. आत्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि दाराची उभी रेघ ओढू लागली. आबा मागे उभे होते. ते खाली वाकले आणि म्हणाले, “दार उघडं काढ बाळ. परत यायचंय तुला.”

आत्यानं मागे वळून पाहिलं, आणि मग दोघंही बोलू लागली. उशिरापर्यंत बोलत होती.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी चंद्रावरून पहिला फोन आला. आबांनी विचारलं, “मंदा, जेवलीस का गं?” पलीकडे शांतता. आबांचा चेहरा उतरला. रागावली का काय अजून?

शाल्मलीनं त्यांचा हात धरला. “रागावली नाही, आबा. तुमचा आवाज तिच्यापर्यंत जाऊन तिचा परत यायला अडीच सेकंद लागतात. ती किती लांब आहे, तेच ऐकू येतंय आपल्याला.”

“जेवले, आबा,” पलीकडून आवाज आला. “तुम्ही जेवलात?”

आबांनी फोन जरा बाजूला धरला. पुढं कधी माणसं मंगळावर राहायला जातील, तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर यायला पाऊण तासही लागेल, असं ते शाल्मलीला हळूच म्हणाले. शाल्मली म्हणाली, लागू दे की, तेवढ्यात आपलं जेवण होईल. मग आबांनी फोन तोंडाशी धरला, “अजून नाही, बसतोच आता,” म्हणाले, आणि चंद्राएवढी लांब असलेली ती शांतता डोळे मिटून ऐकत राहिले.