सोडू?

दोन हजार एकोणीस साल. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, थंडी नुकती पडायला लागलेली. माझा साडू गाड्यांचा मिस्त्री. त्याच्या बाबतीत घडलं, म्हणून सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

"काका, पण खरं ना?"

"खोटं ऐकायचं असेल तर टीव्ही लाव."

तर रात्री साडेनऊला त्याला एका मास्तरीणबाईंचा फोन आला. वडिलांना पहाटे इस्पितळात न्यायचं होतं, आणि दोन महिने उभ्या असलेल्या गाडीचा हँडब्रेक अडकला होता. वर ओढलेला दांडा खाली जाईना. साडू हत्यारांची पिशवी घेऊन गेला.

घर उतारावर. गाडी अंगणात, तोंड खाली फाटकाकडे. त्याने दांड्याच्या टोकाचं बटण दाबून पाहिलं, दांड्याला हिसके दिले. ढिम्म.

"केबल गंजलीय, बाई. तेल सोडून दोन ठोके मारतो. दहा मिनिटं."

"मी तोवर बाबांना औषध देऊन येते," म्हणून बाई आत गेल्या.

आता चूक ऐका. नंतर ढकलून बघायला म्हणून त्याने गाडी न्यूट्रल केली. आणि चाकाला दगड लावला नाही. पंचवीस वर्षांचा मिस्त्री! हात सरावला की डोकं सुट्टीवर जातं.

गॅरेजात एक रीत असते. एक जण गाडीखाली, एक जण सीटवर. सीटवरचा विचारतो, "सोडू?" खालचा म्हणतो, "सोड." मगच हँडब्रेक सोडायचा. खालून आवाज आला नाही तर हात लावायचा नाही. ही रीत साडूला त्याच्या उस्तादाने शिकवली. तो उस्ताद अकरा वर्षांपूर्वी गाडीखालीच चिरडून गेला. तेव्हा सीटवर साडू होता. त्याने सगळ्यांना सांगितलं, उस्तादच 'सोड' म्हणाला. लोक म्हणाले, म्हातारा स्वतःच्या चुकीने मेला. उस्तादाच्या बायकोनेही तेच मानलं.

साडू पाठीवर सरकत मागच्या चाकापुढे गेला. तेल सोडलं. एक ठोका. दुसरा.

वर सीट करकरली.

"बाई, दांड्याला हात लावू नका हं."

उत्तर नाही. मग खाकरल्याचा आवाज. बिडी ओढणाऱ्या माणसाचा.

"सोडू?"

साडूने तो आवाज ओळखला. अकरा वर्षांत तो विसरला नव्हता.

तो बाहेर सरकायला गेला. सदऱ्याची बाही केबलला अडकली. मान चाकापासून वीतभर.

"सोडू?"

साडू गप्प. श्वाससुद्धा धरलेला. घरात बाईंचे वडील खोकले. बाहेर... काही नाही.

"सोडू...?"

आता आवाज वरून नव्हता. कानाशी होता.

कट्. बटण दाबलं गेलं.

तेव्हा तो ओरडला. "उस्ताद, तुम्ही 'सोड' म्हणालाच नव्हतात! मी उत्तराआधीच सोडला! खोटं बोललो मी... खोटं बोललो!"

ठक्. दांडा खाली पडला.

गाडी हलली नाही.

उतार. न्यूट्रल. दगड नाही. ब्रेक सुटलेला. तरी हलली नाही.

त्याने बाही फाडली. खांदा बाहेर काढला. कंबर. एक पाय. दुसरा पाय निघाला... आणि गाडी सुटली. जाऊन फाटकावर आदळली.

बाई धावत आल्या. टॉर्च मारला. सीटवर कोणी नाही. चारही दारं बंद.

"मिस्त्री, हे काय?"

गाडीचं तोंड आधी जिथे होतं, तिथे मातीत दोन टाचा रुतल्या होत्या. अनवाणी. चार बोटं खोल. अंगावर येणारं ओझं कुणीतरी पाठ लावून थोपवून धरावं, तशा.



साडूने वाकून त्या खुणांवरून हात फिरवला.

पहाटे बाईंच्या वडिलांना त्यानेच त्या गाडीतून इस्पितळात पोचवलं. पुढचा एक दिवा फुटलेला. तिथून तो थेट उस्तादाच्या घरी गेला. उस्तादाच्या बायकोने दार उघडलं.

"काकी, बसा. सांगायचंय."

एक शब्द न गाळता सांगितलं. उस्तादाचं देणं फिटलं.