लाँड्रीच्या गच्चीवर

ओल्या चादरींची बादली घेऊन ती गच्चीवर आली, तर दोरीवरच्या चादरीमागे एक अनोळखी माणूस मोजपट्टी घेऊन उभा.

"कोण तुम्ही? आणि धुतलेल्या चादरीला हात का लावताय?"

"सोलरवाला," तो गडबडून म्हणाला. "हात नाही लावला हो... तीच येऊन तोंडावर आपटली."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. त्याला बाबांनीच बोलावलं होतं. हॉस्पिटलच्या चादरींसाठी ते वर्षानुवर्षं कोळशाच्या भट्टीवर पाणी तापवत आले होते आणि त्या धुरानं त्यांची छाती पार धरली होती. डॉक्टरांनी त्यांना लाँड्रीत पाऊल टाकायलाच बंदी केली होती. आता ते वरच्या खोलीत खिडकीशी बसून असत.

पण गच्ची लहान. उन्हावर पाणी तापवणारा हीटर बसवायचा तर दोऱ्या काढाव्या लागणार. ती अडून बसली. चादरी वाळणार कुठे? ऊन तिलाही हवंच होतं.

"कोळसा जाळला की संपला," तो म्हणाला. "ऊन उद्या पुन्हा येतं. दोघांना पुरेल."

"आणि ढग आले की?"

"तेव्हा वीज लागेल थोडी. तुमच्याशी खोटं नाही बोलणार."

ते 'तुमच्याशी' दिवसभर तिच्या मनात घोळत राहिलं...

त्यानं जिन्यावरच्या छपरावर वेगळा सांगाडा उभा केला. काम लांबलं, पण दोऱ्या जागच्या जागी राहिल्या. ती चहा घेऊन वर जायची आणि तो निवलेला चहाही फुंकून फुंकून प्यायचा.

भट्टी विझली. धुराचा वास गेला आणि एका सकाळी बाबा भिंत धरत खाली आले. त्यांनी नळाखाली हात धरला. गरम पाणी लागलं तसा त्यांनी दुसराही हात पुढे केला. मग एका चादरीचं टोक लेकीच्या हातात देऊन घडी घालायला लागले... पूर्वीसारखे. तिचे डोळे भरून आले.

घडी पुरी होताच ती गच्चीवर धावली. तो घट्ट बसलेले नट पुन्हा आवळत होता.

"काम झालं ना?"

"कालच झालं."

"मग?"

"पाय निघत नाही."

ती कठड्याला टेकली. "तुमचे आभार मानायचेत. पण... मानले की तुम्ही जाल, अशी भीती वाटते."

पाना त्याच्या हातातच राहिला. "मग एकदम नका मानू. रोज थोडे थोडे माना. मी कुठे जात नाही."

"जाऊ देणारही नाही," ती म्हणाली, आणि या वेळी तिनं हसू दाबलं नाही.