गाळकरांची नजर

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीशी तिचं टेबल होतं. चिखलातले सागरी कृमी ओळखायचे आणि ज्याला त्याला त्याच्या कुळात नेऊन बसवायचं, हे तिचं काम. सगळे तिला 'कृमीबाई' म्हणत, आणि तिलाही ते आवडे. कुठे अडलं की ती सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून एका संकेतस्थळावर टाकायची. देशोदेशीचे जाणकार तिथे एकमेकांच्या मदतीला येत. त्यातलेच एक गाळकर.

"हे आडनाव आहे की पत्ता?" घरी सोबत राहणाऱ्या नणंदेनं विचारलं होतं.

"चेष्टा नको. अशी नजर मी दुसरी पाहिली नाही."

खरंच होतं ते. गाळकर कधी शहाणपणा मिरवत नसत. एखाद्याची ढोबळ चूक इतक्या हळुवारपणे दाखवत, की ती आपणच शोधली असं त्याला वाटावं. 'अंगावरचे राठ केस नंतर तपासा. आधी तो वळतो कसा ते बघा,' असं लिहीत. तसं बघायला लागल्यापासून तिनं अर्ध्या कपाटातल्या बरण्यांवरची नावं बदलली होती. एकटीनं धडपडत शिकलेल्या बाईला उतारवयात गुरू भेटला होता.

मग एका ओहोटीला धक्क्याखालच्या चिखलात तिला विटेच्या रंगाचा एक कृमी मिळाला. कुठल्याच ग्रंथात तो बसेना. नवा निघाला, तर त्याचं नाव ती ठेवणार होती. नोकरीला लागल्यापासून तिनं याचीच वाट पाहिली होती. डोकं त्यानं चिखलात खुपसलेलं, म्हणून तिनं नुसत्या शेपटाचा फोटो टाकला.

उत्तर लगेच आलं. 'याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. अभिनंदन! डोक्यामागे एक वाकडी पांढरी रेघ असेल, पाहा. जुनी जखम आहे.'

तिनं ड्रॉपरनं पाणी सोडून चिखल हलकेच दूर केला. रेघ होती. वाकडीच होती.

'असा कृमी तुम्ही आधी पाहिलाय?' तिनं लिहिलं.

'असा नाही. हाच.'

गंमत करत असतील, असं तिनं मनाला समजावलं.

नव्या जातीची नोंद मान्य व्हायची तर नमुना स्पिरिटमध्ये ठेवायला हवा. दुपारी तिनं काचेची बशी पुढ्यात ओढली आणि बाटलीचं बूच काढलं. उग्र वास खोलीभर पसरला.

फोन थरथरला. गाळकर. 'थांबा.'

तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. दार बंद होतं. खिडकीबाहेर नुसतं पाणी.

बशीतला कृमी चिखलाबाहेर आला होता. पुढचं अंग उचलून, काचेला टेकून, निश्चल.

'का?' तिनं विचारलं.

'तुम्ही नीट बघता. असं बघणारे फार थोडे. म्हणून सांगतोय.'

तिनं बूच लावलं.

संध्याकाळी दोघी धक्क्यावर गेल्या. "वहिनी, अगं सगळे कष्ट पाण्यात चाललेत तुझे," नणंद कळवळून म्हणाली.

"त्यांनी मला एवढं दिलं. त्यांचा एक शब्द मोडवत नाही गं."

शेवटच्या पायरीवर वाकून तिनं बशी कलती केली. कृमी तिच्या बोटांवरून सरकला, जरासा थबकला आणि गेला.

सकाळी तिनं संकेतस्थळ उघडलं. गाळकरांनी पहिल्यांदाच स्वतः फोटो टाकला होता.

खालून वर पाहणारा. हिरवट पाणी, त्यापलीकडे वाकलेला चेहरा, चष्मा, पसरलेली बोटं. मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा स्पष्ट. भीतीच्या आधी तिच्या मनात आलं ते कौतुकच: काय टिपलंय!

खाली, तिनं कधीही न पाहिलेल्या टोपणनावांनी भरभरून दाद दिली होती. एकानं विचारलं होतं, 'अशी आणखी आहे का?'

गाळकरांनी नेहमीच्याच अदबीनं उत्तर दिलं होतं.

'आहे. तिच्याच बिळात.'