अण्णांनी घासलेली जाळी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्याच्यावर ही वेळ आली, तो माणूस आजही कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर उभा असतो. जाऊन विचारा.

गेल्या मार्चमधली गोष्ट. जागा, सांगलीजवळचा हरिपूरचा संगम.

हंबीरराव टर्नर. त्यांची बायको अंजना. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी पाठवलेलं, 'आता खावंसं वाटेल ते द्या' म्हणून.

आठ दिवस चहाच्या घोटापलीकडं तिला काही उतरलं नव्हतं. आणि एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली,

"आवं, झिंग्याचं कालवण खावंसं वाटतंय. माहेरी करायचो तसं."

माहेर पाटणजवळ, कोयनेकाठी.

हंबीररावांना आभाळ ठेंगणं झालं. बाजारात पळाले, बर्फातली कोळंबी आणली. तिला वासानंच उमळून आलं. नदीचा जिता झिंगाच पाहिजे होता.

मग माळ्यावरचे दोन सापळे काढले. तसा त्यांना झिंगे धरायचा जुना नाद. विकतचा सापळा कोण आणतो? जाळीचा तुकडा गोल वळवायचा. बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं, म्हणजे झिंगा आत शिरतो, पण बाहेरची वाट त्याला घावत नाही. कडेला दार, दाराला सायकलच्या स्पोकची आकडी. आत शेंगपेंड घातलेला कणकेचा गोळा. झालं.

जाळी मात्र कारखान्याच्या मालकांनी दिलेली. जिनपाल अण्णा. पक्के जैन. मशीनवर मुंगी दिसली तर मशीन थांबवणारा माणूस! त्यांना खरं कोण सांगणार? हंबीररावांनी थाप मारली होती.

"दारातल्या रोपांना कुंपण करतोय अण्णा. शेरडं खात्यात."

अण्णांनी नवी जाळी कापून दिली. वर स्वतः कानस घेऊन बसले आणि तारेचं एकेक टोक घासून गुळगुळीत केलं.

"शेरडाचं तोंड फाटंल रं, हंबीर."

ही थाप हंबीररावांनी कुणालाच सांगितली नव्हती. अंजनालासुद्धा नाही. आदल्या दिवाळीत अण्णा वारले, आणि सांगायचं राहूनच गेलं.

तर संध्याकाळी सापळे पाण्यात सोडले. पहाटे ओढले.

हलके लागले...

दोन्ही दारं उघडी. कणीक खाल्लेली. म्हणजे झिंगे आत आले होते.

"कुणीतरी चोरलं," म्हणत हंबीररावांनी शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दिवशी दारं तारेनं आवळून बांधली.

पहाटे पुन्हा दारं उघडी.

तार तुटली नव्हती. सोडवलेली होती. गोल वेटोळं करून सापळ्यातच ठेवलेली...

कारखान्यात तारेचं असं वेटोळं एकच माणूस करायचा.

घरी अंजना दाराकडं डोळे लावून होती. "घावलं?"

"उद्या," ते म्हणाले. तिनं मान हलवली. उद्या हा शब्द तिच्यासमोर उच्चारताना त्यांचा जीव तुटायचा.

तिसऱ्या पहाटे ते दोर हातात धरून काठावरच बसले. वारा नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

आणि पाण्यातून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

कानशीचा.

दोर हातात थरथरत होता. पळावंसं वाटत होतं, पण पळून जायचं कुठं? घरी काय सांगायचं? हंबीरराव गुडघ्यावर आले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"अण्णा, खोटं बोललो. चुकलं माझं. पण अंजीला दोन घास खाऊ द्या. एकदाच. पुन्यांदा नदीवर पाय ठेवणार न्हाई."

आवाज थांबला.



मग त्यांनी दोर ओढला. जड! दार बंद. आत लांब नांग्यांचे बारा-पंधरा झिंगे, जिते, तडफडणारे.

बादलीत पाणी घालून त्यांनी गाडी अशी पळवली की विचारू नका. वाटेतच आलं-लसणाचा हिशेब मनात चालू.

घरी आले तर शेजारची मयूरी दारात बसलेली. रोज हे नदीवर गेले की तीच अंजनाजवळ थांबायची. आत अंजना चक्क उठून बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. कुणाचा आधार नाही.

"अण्णा आलते," ती म्हणाली.

"कोन अण्णा?"

"तुमचं मालक. हितं पायथ्याशी बसलं. लय मायेनं बोललं. तुमी त्यास्नी शेरडाची थाप मारली व्हती व्हय?"

हंबीररावांनी बादली खाली ठेवली.

मयूरी उंबऱ्यातून म्हणाली, "काका, मी दारातनं हलली न्हाई. कोन आलं न्हाई."

"झिंगं सोडून या," अंजना म्हणाली. "अण्णा म्हनलं, ती सुटली की तुलाबी बरं वाटंल."

"अंजे, तुझ्यासाठी आणल्यात गं. कालवण करतो की."

"आदी सोडून या. आल्यावर खाते कायतरी. दहीभात खाते."

उभ्या जन्मात तिनं कशाचा हट्ट धरला नव्हता. ते गेले. संगमावर बादली पालथी केली. एकेक झिंगा पाण्यात दिसेनासा झाला. अर्ध्या तासात परत आले, वाटेत दह्याची पिशवी घेऊन.

मयूरीच्या रडण्याचा आवाज गल्लीच्या तोंडालाच ऐकू आला.

अंजनाचा चेहरा शांत होता म्हणतात. महिन्याभरात नव्हता इतका. अण्णांनी तिची सुटका केली, असं मयूरी आजही सांगते. असेल. देवमाणूस होते. पण मेल्यावर देवमाणूस काय होतो, हे कुणाला ठाऊक? तिला सोडवायला आले होते की न्यायला, हे मला अजून कळत नाही. विचार केला की झोप उडते.

हंबीरराव मात्र लेथ बंद झाली की हात पुसत कधीतरी एवढंच म्हणतात,

"बादलीत व्हतं गड्या. पाच मिनटांत शिजलं असतं. मी सोडाय गेलो, आन् ती उपाशी गेली."