धसईची टिकाऊ मशीन

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल, त्यांनी खुशाल खोटी म्हणावी. मलाही तेच हवंय. असं काही झालंच नव्हतं, हे कुणीतरी मला पटवून द्या...

पण झालं. रात्री-बेरात्री नाही, वैशाखातल्या भर दुपारी, आमच्या घरामागच्या खळ्यावर. शहापूर तालुका, किन्हवलीच्या पुढे. गावाचं नाव सांगणार नाही, कारण आम्ही अजून तिथंच राहतो.

मी स्नेहल. घरात सासूबाई हौसाबाई, नवरा साईनाथ, आमची लहान मुलगी रंजिता आणि मोठे दीर कुंडलिक. साईनाथ रोज आसनगावहून गाडी पकडून कामाला जाणार, त्यामुळे घरात राज्य भावजींचं. त्यांच्या जिभेला कंटाळून जाऊबाई माहेरी गेल्या त्या गेल्याच.

आमच्याकडे पावसाआधी सरपण भरून ठेवावं लागतं. गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. त्या वर्षी भावजींनी ठरवलं, कुऱ्हाड बास झाली. लाकूड कापायची मशीन घ्यायची.

मग सुरू झालं मशीनपुराण. जेवताना मशीन, झोपताना मशीन. या कंपनीची चेन सारखी उतरते. ती एका पावसाळ्यात गंजते. बॅटरीवाली म्हणजे पोरांचं खेळणं. शहापूरची दुकानं झाली, मुरबाडची झाली. प्रत्येक दुकानदाराला एकच प्रश्न.

"टिकंल किती?"

एकाचंही उत्तर त्यांना पटलं नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, धसईला धोंडीबाई नावाच्या विधवेकडे नवऱ्याची जुनी मशीन पडून आहे. दोघे भाऊ तिच्या घरी गेले. तिथलं बोलणं साईनाथनं मला त्याच रात्री सांगितलं.

मशीन जड होती. कंपनीचं नाव घासून गेलेलं... की कुणीतरी घासून काढलेलं. पण दोरीच्या पहिल्याच झटक्याला चालू झाली.

भावजी खूश. "टिकंल किती, मावशी?"

"तुमच्यापरीस जास्त."

भावजी मोठ्यानं हसले. धोंडीबाई हसली नाही.

"पन दादा, ही चुलीची मशीन नाय. गावात कोनी गेलं का आमचा मालक हिच्यानी सरणाची लाकडं कापायचा. चुलीच्या लाकडाला लावू नका. तुमाला काय सांगायचं, तुमी गावचीच मानसं."

सरणाचं हत्यार चुलीला लावायचं नाही, हा आमच्याकडे रिवाजच आहे. आमच्या गावातली सरणाची कुऱ्हाड स्मशानाच्या पत्र्याखालीच असते, घरात येत नाही. भावजींना हे लहानपणापासून ठाऊक होतं.

"लाकूड ते लाकूड," ते म्हणाले. "मशीनला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी खळ्यावर ऐनाची वाळकी खोडं टाकली आणि भावजींनी मशीन चालू केली.

चुलीला हातभर लांबीचं लाकूड लागतं. भावजींनी तेवढ्यावर मशीनची चेनची पट्टी टेकवली...

मशीन बंद.

पुन्हा दोरी ओढली. चालू. पट्टी टेकवली... बंद.

शिव्या देत त्यांनी पट्टी खोडावर पुढे पुढे सरकवत नेली. बरीच पुढे गेल्यावर चेन एकदम लाकडात शिरली. लोण्यात सुरी जावी तशी. पडलेला तुकडा चुलीसाठी फारच लांब होता. दुसरा कापला. तोही तेवढाच. तिसराही तेवढाच. आखूड कापायला गेलं की मशीन मरायची. त्याच एका लांबीला आली की जिवंत व्हायची.

ते माप चुलीचं नव्हतं, सरणाचं होतं. मी म्हटलं, "भावजी, परत करा ती मशीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सावलीत तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. ते हसू मी ओळखत होते.

"आये, हिकडं ये. आडवी हो जरा."

"कशाला रे?"

"हो तर."

म्हातारी बिचारी तापलेल्या खळ्यावर आडवी झाली. भावजींनी तो ओंडका ओढत आणून तिच्या शेजारी ठेवला. डोक्यापासून टाचेपर्यंत... बरोबर. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

"बघ! तुझ्याच मापाचं निघालं! आता घाई करू नको गो आये, आख्खं सरण कापून ठेवतो तुझं."

आणि ते पोट धरून हसले.

सासूबाई उठल्या. लुगड्याला चिकटलेला भुसा झटकला आणि आत गेल्या. मी पाणी घेऊन मागे गेले, तर हळूच मला विचारतात, "स्नेहल, मी पाय आखडून निजली व्हती का गो? त्यानं नीट मोजलं नसंल, नाय?"

मला रडू आवरलं नाही. त्या माणसाचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

साईनाथनं रात्री भावाला समजावलं. उपयोग शून्य. भावजी रोज दुपारी खळ्यावर जायचे आणि त्याच मापाचे ओंडके कापायचे. घरामागे रास उभी राहिली. मशीनचा आवाज सुरू झाला की सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्यांचं जेवण तुटलं. आता या जातात, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

त्या दुपारी मी चुलीपाशी होते. रंजिता झोपली होती. बाहेरून मशीनचा आवाज आला...

नेहमीपेक्षा जड.

मग थांबला.

मग भावजींची हाक आली. "आये..."

एकदाच.

मी धावले. भावजी राशीला टेकून बसले होते. मांडीवर चेन पुसायचं फडकं होतं. दोन्ही पाय गुडघ्याखाली...

नव्हते.

म्हणजे होते. पण थोडे लांब पडले होते.

मशीन शेजारी होती. टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. टाकी कोरडी. पेट्रोलचा डबा तर घरात, मगाशी माझ्या डोळ्यांसमोर ओट्याखाली होता. मग मी आवाज कशाचा ऐकला?

गाडी मिळवून शहापूरला नेईपर्यंत भावजी गेले.

दुसऱ्या दिवशी सरण रचताना गावकऱ्यांनी तीच रास वापरली. पाय वेगळे बांधून छातीवर ठेवले होते, देह आईएवढाच उरला होता. एक म्हातारा ओंडके लावता लावता थांबला आणि साईनाथला म्हणाला, "कोनी मापून कापली रे ही?"

एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

सासूबाईंनी हे ऐकलं. त्या रडत होत्या, पण त्या संध्याकाळी पोटभर जेवल्या. मी त्यांना दोष देत नाही.

साईनाथ मशीन परत द्यायला धसईला गेला. धोंडीबाईनं दार उघडलंच नाही. आतूनच बोलली.

"माझ्या घरातली चार गेली, तवा ती दाराबाहेर गेली. तुमच्या भावानं टिकाऊच मागितली ना?"

येताना साईनाथनं मशीन काळू नदीच्या डोहात टाकली. घरी आला तर... ती गोठ्यात होती. कोरडी. त्यानं ती पोत्यात घातली, पोत्याचं तोंड तारेनं आवळलं आणि आजवर कुणी हात लावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी शेणी काढायला गोठ्यात गेले. पोत्यावर धूळ होती. तार तशीच. आणि शेजारी...

एक ओंडका. ताजा. भुशाचा वास येत होता.

आम्ही तो जाळला. दुसऱ्या दिवशी तिथंच दुसरा, त्याच लांबीचा. तोही जाळला. आता जाळत नाही. रास भिंतीला उभी आहे.

हे ओंडके आखूड आहेत. भावजींनी कापलेल्यांपेक्षा बरेच आखूड. सासूबाई रोज गोठ्यात जाऊन त्यांच्या शेजारी ताठ उभ्या राहतात. वाकून बघतात, अंग चोरून बघतात. पण त्या कितीतरी उंच आहेत. मग नुसत्या मान हलवतात.

परवा रंजिता पळत पळत गोठ्यात शिरली. मी ओरडेपर्यंत ती ओंडक्याला पाठ लावून उभी होती. डोक्यावर हात ठेवून मला म्हणाली, "आई, बघ ना, थोडीच राहिले मी!"

तिच्या डोक्यावर दोन बोटं लाकूड होतं. फक्त दोन बोटं.

पोर वाढीला लागली आहे. शाळेतून आली की भूक भूक करते. काल तिनं दुसरी भाकरी मागितली. टोपलीत भाकऱ्या होत्या, गरम होत्या...

मी म्हटलं, संपल्या.