वाचनालयाचं मागचं दार

त्या रविवारी रऊफ सर अमरावतीला मुलीकडे आले. जेवताना त्यांचा विषय एकच. अकोल्याच्या त्यांच्या कॉलेजात आग लागली, तर पोरं बाहेर कशी काढायची. आपत्ती नियोजनाचं काम त्यांच्याकडे होतं. वाचनालयाला मागचं दार त्यांनीच भांडून करवून घेतलं होतं. बाहेर उघडणारं, वरच्या भागात काच असलेलं. कालच उघडून पाहिलं, म्हणाले. सर्रकन उघडतं.

"अब्बा, जेवा आधी," जेबा म्हणाली. "आग काय तुमची वाट पाहून राहिली?"

"ते कोनाचीच वाट पाहत नाही, बेटा."

सोमवारी दुपारी ते एसटीतून उतरून कॉलेजात पोचले, तेव्हा वाचनालयातून धूर निघत होता. मे महिना होता. कापसानं दगा दिल्यापासून खेड्यांतली पोरं सुट्टीतही तिथं नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करत बसत. सरांनी आत शिरून सगळ्यांना पुढच्या दारानं काढलं. मग ते दार आगीनं अडलं. सर मागच्या दाराच्या खोलीकडे वळताना पोरांना दिसले. नंतर सापडले ते त्या दाराच्या उंबऱ्यातच.

दफन झालं. प्राचार्य केशवराव भेटायला आले. सरांचे जुने मित्र. चौकशीचा अहवाल जाणार आहे, असं त्यांनी अम्मीला हळू आवाजात सांगितलं. त्यात असं: कडी उघडी होती, दार ढकललं की उघडत होतं. धुरात रऊफचं भान गेलं. कॉलेजात तर पोरं म्हणू लागली होती की ज्यानं वाट आखली, त्यालाच ती सापडली नाही.

जेबानं हे ऐकून घेतलं. पण कडी अब्बांनीच काढली असणार. कडी काढलेला माणूस उंबऱ्यातच का मरतो?

ती अकोल्याला गेली. शिपाई शालिकरामनं जळकी इमारत उघडली. प्रत्येक खिडकी आगीनं तडकली होती, प्रत्येकीखाली काचांचा खच होता. मागच्या दारातली काचेची चौकट रिकामी होती; तिथं मात्र काचेचा तुकडाही नव्हता, ना आत, ना बाहेर. बाहेरच्या भिंतीवर पांढरे ओघळ वाळलेले. बाहेरच्या फरशीवर लोखंडी पायांचे गंजके डाग.

"शालिकरामभाऊ, इथं पाणी कुठून आलं?"

"पाऊस आला असंन."

"मे महिन्यात?"

तो किल्ल्यांचा जुडगा चाचपू लागला.

"ह्या खोलीत कोण बसायचं?"

"पोरांले बंदी होती. दुपारी प्राचार्य साहेबच आराम करत."

"एवढ्या उन्हात साहेबाले झोप कशी लागे?"

त्यानं मान खाली घातली. "मले लेकरं हायेत, बाई."

"मले बाप होता," जेबा म्हणाली.

संध्याकाळी ती फौजदाराला घेऊन केशवरावांच्या खोलीत गेली.

"काकाजी, त्या दारात काच नव्हतीच. कूलरचं तोंड बसवायला ती आधीच काढली होती. बाहेर लोखंडी स्टँड, त्यावर पाण्यानं भरलेला कूलर, दाराला टेकून. मग बाहेर उघडणारं दार उघडणार कसं? आपलं खारं पाणी गळलं की भिंतीवर पांढरं राहतं. शनिवारी अब्बांनी दार उघडून पाहिलं होतं. रविवारी ते अमरावतीला होते. तेव्हाच तुम्ही कूलर बसवला, कारण ते असते तर बसवू दिला नसता."

केशवराव हसले. "कुठं आहे तो कूलर?"

"बंबवाले पुढून पाणी मारत होते, तेव्हा तुम्ही मागून ओढून नेला."

दाराशी उभा शालिकराम म्हणाला, "दोघांनी ओढला. वर्कशॉपमागं पडला हाये."

फौजदारानं केशवरावांकडे पाहिलं.

"मी जेवायला घरी गेलो. कूलर चालू राहिला, वाचनालयातून ओढलेली वायर जुनी होती, तिथूनच पेटलं," केशवराव म्हणाले. "आत कोणी असेल असं वाटलं नाही. कूलर हटवला, तसं दार आपोआप उघडलं. रऊफ दाराले टेकूनच होता."

म्हणजे कडी काढून अब्बा दार ढकलत राहिले होते. भान शेवटपर्यंत होतं.

फौजदार जबाब घेत बसला. जेबा एकटीच वाचनालयाच्या मागच्या खोलीत आली. दार ढकललं. ते सर्रकन उघडलं. काळवंडलेल्या उंबऱ्यात ती उभी राहिली.

"अब्बा," ती मोठ्यानं म्हणाली, "लग्नाच्या हॉलात, टॉकीजमध्ये, कुठंही शिरले की मी आधी बाहेरचं दार पाहते. मग बसते. लहानपणापासून. तुम्हाले कधी सांगितलं नाही."