परक्या पायांचा तिसरा नंबर

त्या हंगामाची आठवण निघाली, की द्वारकाला आजही आधी राग येतो. हसूही येतं, लाजही येते, पण ती मंडळी मागच्या रांगेत. पहिला मान रागाचा.

आणि सुरुवात झाली ती ग्लासभर पाण्यानं.

हर्सूल तलावाच्या रस्त्यावर हंगामातली पहिली शर्यत होती. पाण्यावर धुकं, गालांना बोचणारा गारवा... आणि पुढं पळणाऱ्या एका निळ्या बनियनवाल्यानं दोन घोट घेऊन ग्लास खांद्यावरून मागं भिरकावला. अख्खं पाणी द्वारकाच्या तोंडावर!

"ओ भाऊ! मागं माणसं पळतात!"

त्यानं वळून पाहिलं. नाकावरून पाणी ठिबकतंय, डोळ्यांतून जाळ निघतोय, अशी मुलगी बघून बिचाऱ्याची चालच बिघडली.

"चुकलं... पण भाऊ नका म्हणू ना."

"मग काय म्हणू? पखालीनं पाणी मारणारा भिस्ती?"

"बद्रीनाथ," तो धापा टाकत म्हणाला. "चिकलठाण्याचा."

"मी द्वारका, बजाजनगरची. आता बाजूला व्हा, मला पुढं जायचंय!"

आणि ती गेलीसुद्धा. शर्यत संपल्यावर हा किस्सा ऐकून सगीरा पोट धरून हसली. "द्वारका और बद्रीनाथ! दोन धामं तर इथंच झाली गं. तुझ्या आईला, आवडामावशींना सांग, उरलेल्या दोघांची तयारी करा!"

सगीरा म्हणजे द्वारकाची जिवाची मैत्रीण. रोशन गेटजवळ राहायची, शाळेत गणित शिकवायची. डोक्याला रुमाल घट्ट बांधून वाऱ्यासारखी पळायची, पण दर वेळी बायकांत चौथी. बक्षीस तिघींना. "माझ्या नशिबात चौथी पायरीच बांधलीय," म्हणायची, हसायची, आणि मग निकालाचा कागद पुन्हा वाचायची.

द्वारका वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीवर होती. खोट असलेला नग दिसला की त्यावर लाल पट्टा ओढून बाजूला काढायचा, हे तिचं काम. ती सवय हाडात मुरलेली. बद्रीनाथवरही तिनं पहिल्याच दिवशी लाल पट्टा ओढला होता... पण हा नग काही बाजूला होईना! प्रत्येक शर्यतीत तो तिच्या मागं चार पावलांवर. फर्दापूरच्या चढावर तिचा जीव कासावीस झाला, तेव्हा त्यानं गुळाचा खडा पुढं केला.

"मागितला का मी?"

"नाय. पण तोंड बघून दिला."

"तोंड बघायला पळतोस का तू?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. खडा तिनं घेतला, रागानंच. बोटाला बोट लागलं... आणि तो चढ एकदम सपाट झाल्यासारखा वाटला. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

हंगामातल्या सगळ्या शर्यती पुऱ्या करणाऱ्याला शेवटी एक मोठं पदक मिळायचं. द्वारकाचं सगळं ध्यान त्या पदकावर. शेवटची शर्यत तेवढी राहिली होती, आणि कारखान्याच्या जिन्यावर तिचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी पट्टी बांधून सांगितलं, पळायचं नाव काढायचं नाही. ती ओक्साबोक्शी रडली. बद्रीनाथ समोरच उभा होता. तिचा शर्यतीचा नंबर तोच घेऊन आला होता. छातीवर टाचायचा कागद, मागं चिकटवलेली चिप. शेवटच्या रेषेवरच्या चटईवरून ती गेली की यंत्र नाव टिपून घेतं.

"तू आराम कर," तो म्हणाला. "नंबर राहू दे माझ्यापाशी."

तिला वाटलं, आठवण म्हणून ठेवत असेल. वेडी!

शर्यतीच्या दिवशी द्वारका लंगडत शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली, सगीरासाठी टाळ्या वाजवायला. पहिली बाई आली, दुसरी आली... आणि तिसरी, रुमाल मागं सुटलेला, तोंड लालबुंद — सगीरा! दोघींनी एकमेकींना मिठी मारली. "तिसरी! अगं, तिसरी आले मी! या अल्ला!"

तेवढ्यात मंचावरून आवाज आला, "महिलांमध्ये तिसरा क्रमांक... द्वारका, बजाजनगर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिला पुढंही ढकललं. पायात चप्पल, घोट्याला पट्टी, आणि नंबर तिसरा! सगीराची मिठी हळूच सैल झाली. ती द्वारकाच्या पट्टीकडं नुसती बघत राहिली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गर्दीत बद्रीनाथ उभा होता. तोंडावरचा रंग उतरलेला. त्याच्या पँटच्या खिशातून घडी घातलेला तिचा नंबर डोकावत होता. सगीराच्या थोडं आधी तो त्या चटईवरून गेला होता.

द्वारका तशीच लंगडत मंचावर चढली. निवेदकाच्या हातातून माइक ओढून घेतला.

"मी पळलेच नाही! हे पाय बघा. तिसरी ही माझी मैत्रीण आहे, तिचं तिला द्या. आणि माझ्या नावानं जो पळला, त्याला मी बघते!"

पंचांनी दोघांची नावं कापली. करंडक सगीराला मिळाला. द्वारकाचा अख्खा हंगाम मात्र पाण्यात गेला. मंचामागं तिनं बद्रीनाथला गाठलं.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुझं पदक हुकत होतं... मला बघवलं नाय."

"न पळता गळ्यात घातलेलं पदक आणि बैलाच्या गळ्यातली घंटा, फरक काय रे? आणि सगीरा? तिच्या तोंडचा घास माझ्या ताटात वाढलास तू!"

"तुला नंबर मिळावा असं मनातबी नव्हतं. मी सावकाशच पळलो. देवाशपथ, तुझ्याच चालीनं पळलो."

"माझी चाल? एवढी जोरात पळते मी?"

तो खाली बघत म्हणाला, "मला तेवढीच वाटते. तुझ्या मागं पळताना लई धाप लागते मला. आज कळलं... ती पळण्याची नव्हती."

दुसरी एखादी विरघळली असती. द्वारका नाही. "मग तुझी धाप तुझ्यापाशी ठेव," म्हणाली आणि निघाली. रिक्षात मात्र तोंड फिरवून बसली. डोळे रागानं भरले होते की कशानं, तिचं तिला ठाऊक.

मग अबोला. त्याचा फोन वाजायचा, ती उचलायची नाही. सगीरानं एकदा सांगितलं, "आला होता तो घरी. माझ्या सासूपुढं कान पकडून उभा राहिला. सगळं कबूल केलं. सासूअम्मीनं आधी झाडला, मग खिचडी-खट्टा खाऊ घातला. मैं तो माफ कर दी, बाई. तू?"

"मी नाही."

पण फाल्गुनात चिकलठाण्याच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन होतं, आणि आवडाबाई लेकीला ओढून घेऊन गेली. बुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या ओळीत कोण? बद्रीनाथ! पांढरा सदरा, कपाळी बुक्का. मान खाली घालून टाळ वाजवत होता, असा की त्याला जगाचं भानच नाही. बुवा रंगात आले होते: "बाबांनो, शेजाऱ्यानं नाम घेतलं म्हणून तुमचं तोंड गोड होत नाही! ज्याचं त्यानंच घ्यावं लागतं!" सगळा मांडव हसला. द्वारकाला वाटलं, बुवांकडं कुणी चहाडी केली की काय? त्याच क्षणी बद्रीनाथनं मान वर केली, तिला पाहिलं... आणि टाळ चुकला. पखवाजवाल्यानं असे डोळे वटारले, की तिला ओठ दाबून हसू आवरावं लागलं. त्याचाही तिला रागच आला.

दहीहंडी फुटली, काला वाटून झाला, पंगती बसल्या. तो वाढायला आला. तिनं ताटावर हात धरला.

"घोटा बरा झालाय. रविवारी पहाटे राहिलेली शर्यत पळणार आहे. क्रांती चौक ते चिकलठाणा."

"पण आता कुठं शर्यत? ना पंच, ना पदक..."

"नसू दे."

"मी येऊ?"

"ये. पण माझ्यासाठी थांबायचं नाही, पाणी धरायचं नाही, गूळ द्यायचा नाही. तू तुझं पळ."

"बरं," तो म्हणाला. तेव्हा कुठं तिनं ताटावरचा हात काढला.

रविवारी जालना रोड नुकता जागा होत होता. दुधाच्या गाड्या, झाडू मारणाऱ्या बाया, पुलाखालचा गारठा. बद्रीनाथनं शब्द पाळला, अगदी नको तितका. सुरुवातीलाच असा सुसाट सुटला, की विमानतळाच्या अलीकडं कंबर धरून उभा! द्वारका शेजारून गेली. थांबावंसं वाटलं... थांबली नाही. दात आवळून, घामानं निथळत चिकलठाण्याच्या वेशीपाशी पोहोचली. टाळी वाजवायला चिटपाखरू नव्हतं. फक्त एका चहावाल्यानं विचारलं, "ताई, कुत्रं मागं लागलं का काय?"

"लागलंय," ती म्हणाली. "येईल मागून."

बद्रीनाथ आला. तिच्यापुढं गुडघ्यांवर हात टेकून वाकला. श्वास जमेना, तरी बोलायची घाई.

"द्वारका, लग्न... करशील माझ्याशी? तू नाय म्हणणार नाहीस, मला माहितीय. मी तर घरी सांगूनबी टाकलं की तुझा होकार..."

"काय?" तिचा आवाज असा चढला, की चहावाल्याच्या हातातली किटली हलली. "माझा होकारही तूच देऊन आलास? पुन्हा माझ्या नावानं पळलास?"

त्यानं जीभ चावली. कानशिलं लाल झाली. "चुकलं! आत्ता घरी जाऊन सांगतो, तिनं अजून काही म्हटलेलं नाय."

तो खरंच वळला. चार पावलं गेला. त्याच्या पाठीवर घामानं चिकटलेला बनियन, फरफटत चाललेले थकलेले पाय... इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याला असं थांबून मागून बघत होती. आणि उभ्या जागी तिला पुन्हा धाप लागली!

"थांब!"

तो थांबला. वळायची हिंमत मात्र होईना.

"माझं उत्तर मी देणार. माझ्या तोंडानं. तुझ्या घरी, तुझ्या आईसमोर. मध्ये तू एक अक्षर बोलायचं नाही, कळलं?"

"कळलं... पण काय सांगणार तू?"

"व्हय म्हणणार आहे, भिस्त्या!" ती कडाडली. "चल आता. आणि पुढं पळू नकोस!"